बॉनेटवरचं नाक

मागच्या महिन्यात राळेगावहून दादाचा फोन आला. (राळेगाव, यवतमाळ जिल्हा. राळेगण नव्हे. पुण्यात आल्यापासून हे वाक्य मी किमान दोनशे वेळा उच्चारलं असेल. अण्णा हजारेंचं राळेगण सिद्धी अहिल्यानगर जिल्ह्यात. आमच्याकडे कापूस, जिनिंग, पंचेचाळीस डिग्री आणि २०१८ पासून अवनी वाघिणीची आठवण.)

तर दादा म्हणाला, "गाडीच्या बॉनेटवर स्कूप बसवतो म्हणतो. नागपूरचा एक फायबरवाला तयार आहे. बॉनेट कापा लागते फक्त."

मी म्हटलं, "फक्त?"

"काऊन बे, गाडी गरम होऊन राह्यली. इंजिनले हवा नको का? तू इंजिनेर आहेस ना, सांग मंग."

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणजे गरम लॅपटॉपच्या पलीकडे माझा आणि उष्णतेचा संबंध नाही. पण हे घरी कोणाला पटत नाही. आणि कापायचं होतं ते साधं बॉनेट नव्हतं. ती काकांची गाडी. २००२ सालची फियाट पालिओ, १.६ लिटर. काका जिनिंगमध्ये मुनीम होते. २००६ साली, यवतमाळचं नाव पेपरात फक्त शेतकरी आत्महत्यांसाठी यायचं आणि पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन पॅकेज जाहीर करून गेले, त्या वर्षी काकांनी ही गाडी सेकंडहँड घेतली. सगळ्या गावाने त्यांना वेड्यात काढलं. पुढे त्याच गावाने रात्री-अपरात्री याच गाडीतून यवतमाळचा दवाखाना गाठला. काका आता नाहीत, गाडी आहे. त्यामुळे "ग्राइंडर लाव आणि काप" असं सांगायला माझी जीभ रेटेना, आणि "नको" म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. दोन शनिवार-रविवार वाचन केलं. त्याचा हा गोषवारा.

आधी स्कूप म्हणजे काय ते बघू. बॉनेटवर समोरून उघडं असलेलं जे उंचवटेदार तोंड असतं, ते. त्याची खरी कामं तीनच. पहिलं, आतलं इंजिन उंच असेल तर त्याला जागा करून देणं (यात हवेचा काही संबंध नाही, तो नुसता फुगवटा). दुसरं, इंजिनच्या श्वासासाठी बाहेरची थंड हवा आणणं. तिसरं, आतल्या एखाद्या विशिष्ट भागावर, उदाहरणार्थ टर्बोच्या इंटरकूलरवर, हवा सोडणं. चौथं काम म्हणजे शेजाऱ्याला जळवणं. इतिहास बघितला तर सगळ्यात जास्त स्कूप या चौथ्याच कामावर लागलेले दिसतात.

या नाकाचे मोठे भाऊ विमानांत सापडतात. दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन पी-५१ मस्टँग हे विमान आठवा. पोटाखाली एक मोठं तोंड दिसतं, ते रेडिएटरचं. नीट बघितलं तर ते तोंड पोटाला चिकटलेलं नाही, मध्ये थोडी फट आहे. कारण कुठल्याही पृष्ठभागाला लागून असलेली हवा घर्षणाने मंदावलेली असते. हा मंद थर गिळून उपयोग नाही, त्याच्या वरची जोरकस हवा पाहिजे. शिवाय १९३५ साली इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या मेरेडिथ नावाच्या संशोधकाने दाखवून दिलं होतं की रेडिएटरमधून तापून निघालेली हवा नीट आकाराच्या वाटेने मागे सोडली तर रेडिएटरमुळे होणारा अडथळा बराचसा भरून निघतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे: हवा आत घेणं हे अर्धं काम. तिला बाहेर जायला वाट देणं हे उरलेलं अर्धं.

विमानातून ही आयडिया रस्त्यावर आली आणि अमेरिकेत तिला धुमारे फुटले. १९६४ हे वर्ष महत्त्वाचं. फोर्डने त्या वर्षी ड्रॅग रेसिंगसाठी थंडरबोल्ट नावाच्या मोजक्या गाड्या बांधल्या. फेअरलेन ही मध्यम आकाराची गाडी आणि तिच्यात कोंबलेलं सात लिटरचं इंजिन. इंजिन मावेना म्हणून बॉनेटला मोठा अश्रूच्या आकाराचा फुगवटा दिला. बघणाऱ्याला वाटावं की गाडी इथून श्वास घेते. प्रत्यक्षात चार हेडलाइटपैकी आतले दोन काढून तिथे जाळ्या बसवल्या होत्या आणि त्यामागून जाड नळ्यांनी हवा कार्बोरेटरपर्यंत नेली होती. नाक एकीकडे, श्वास दुसरीकडे!

त्याच वर्षी पाँटिअॅकने जीटीओ आणली. तेव्हा तिथे चीफ इंजिनिअर होते जॉन डिलोरिअन (हो, 'बॅक टू द फ्युचर'मधल्या गाडीवाले तेच). साडेसहा लिटरच्या आसपासचं इंजिन, ३२५ हॉर्सपॉवर, आणि बॉनेटवर दोन ऐटबाज स्कूप. जे बंद होते! आत हवा जायला वाटच नव्हती. पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये, ज्यांना हौस होती त्यांच्यासाठी डीलरकडून ते उघडे करून घ्यायची सोय निघाली. म्हणजे यूआय आधी रिलीज केला आणि बॅकएंड पुढच्या व्हर्जनमध्ये दिला. आमच्या धंद्यात हे रोज चालतं, पण डेट्रॉइटवाल्यांनी ते आधी केलं होतं हे वाचून बरं वाटलं.

मग स्पर्धाच लागली. १९६९ च्या मस्टँगमध्ये 'शेकर' आला. हा स्कूप बॉनेटला नाही, थेट इंजिनला जोडलेला. बॉनेटमधल्या भोकातून तो वर डोकावायचा आणि इंजिनबरोबर थरथरायचा. १९७० च्या प्लिमथ रोड रनरमध्ये तर बटण दाबलं की बॉनेटमधून झडप वर यायची आणि तिच्या कडेला शार्कचे दात रंगवलेले. सिग्नलला शेजारी उभ्या असलेल्या पोराला दात दाखवायची यांत्रिक सोय. पुढे प्रदूषणाचे कायदे आले, विम्याचे हप्ते वाढले, १९७३ मध्ये तेलाचा भडका उडाला आणि ती इंजिनं बारीक झाली. स्कूप मात्र राहिले. बंद तोंडाचे.

आता याच १९६४ मध्ये आपल्याकडे काय चाललं होतं? कुर्ल्यात फियाट ११०० डिलाइट बनायला सुरुवात झाली होती. १०८९ सीसी, साधारण ४० हॉर्सपॉवर. जीटीओच्या एक अष्टमांश. पुढे हीच गाडी प्रीमियर पद्मिनी झाली.

हा फरक नुसता पैशाचा नव्हता, धोरणाचाही होता. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती. स्वातंत्र्यानंतर सरकारने सांगितलं की नुसती जोडणी चालणार नाही, सुटे भागही इथेच बनवायचे असतील तर राहा. १९५३-५४ च्या सुमारास अमेरिकन कंपन्यांनी गाशा गुंडाळला. राहिले ते आपले कारखानदार. त्यातले एक म्हणजे सोलापूरला १८८२ मध्ये जन्मलेले वालचंद हिराचंद. जहाज, विमान आणि मोटार, तिन्ही गोष्टी भारतात बनल्या पाहिजेत असा ध्यास घेतलेला माणूस. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. सुरुवातीला क्रायस्लरबरोबर, म्हणजे डॉज आणि प्लिमथ. नंतर फियाटबरोबर. विचार करा, शार्कचे दात दाखवणाऱ्या प्लिमथचं कुळ कुर्ल्यात होतं! पण अमेरिकेत तो सगळा धिंगाणा सुरू झाला तेव्हा आपण फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघत होतो. मागणीपेक्षा गाड्या इतक्या कमी की कंपनीला कोणालाही भुलवायची गरजच नव्हती. शेजाऱ्याला जळवायला गाडी असणं पुरेसं होतं, स्कूप कशाला हवा?

आपल्याकडच्या गाडीचं खरं दुखणं वेगाचं नव्हतंच, तापण्याचं होतं. खंडाळ्याचा घाट, बॉनेट उघडून उभी असलेली फियाट, वाफ, आणि कॅनमधून पाणी ओतणारे बाबा, हे दृश्य माझ्या आधीच्या पिढीतल्या प्रत्येकाकडे आहे. आणि तरी त्या गाडीने काय काम केलं! मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीत तिचा शेवट ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली होती ऑक्टोबर २००३ मध्ये. हिशोब पूर्ण.

काकांची पालिओ ही त्याच कुर्ल्याची लेक. २००१ साली पालिओ आली तेव्हा १.६ लिटर इंजिनची साधारण १०० हॉर्सपॉवर हा आकडा छोट्या गाडीसाठी अचाट होता. जाहिरातीत सचिन. पुढे त्याच्या नावाची एस-१० ही खास आवृत्तीही निघाली. २००२ मध्ये सचिनने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली आणि फियाटच्या घरातली फेरारी ३६० मोडेना त्याला मिळाली, ती मायकेल शूमाकरच्या हातून. मग आयात शुल्क माफ करण्यावरून वाद, कोर्टकचेरी, आणि शेवटी शुल्क फियाटने भरलं. २०११ मध्ये सचिनने ती विकली. आमच्या गावात काकांच्या गाडीला 'सचिनची गाडी' म्हणत. राळेगावातली पहिली स्पोर्ट्स कार! फेरारी आणि पालिओत काय फरक हे विचारायला कोणी गेलं नाही, आणि काकांनी सांगितलंही नाही.

गंमत म्हणजे त्या फेरारीच्या पुढच्या झाकणावर स्कूप नाही. कारण इंजिन मागे आहे, म्हणून हवेची तोंडं दारांच्या मागे, दोन्ही बाजूंना. जिथे काम तिथे नाक. इतकं साधं.

मग दादाच्या डोक्यात बॉनेटवरचा स्कूप आला कुठून? मी विचारलं नाही, पण मला माहीत आहे. २००९ मध्ये आलेली पहिली फॉर्च्युनर. पांढरी. विदर्भातल्या कुठल्याही लग्नात मंडपासमोर उभी असायची आणि तिच्या बॉनेटवर ते भलंमोठं तोंड. नाक वर केलेला पुढारीच जणू. त्या गाडीत स्कूपला खरं काम होतं. डिझेल टर्बोचा इंटरकूलर इंजिनच्या डोक्यावर होता, त्याला वरून हवा लागायची. तीच रचना १९९२ पासूनच्या सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्सची. १९९५ ते ९७ सलग तीन वर्षं सुबारूने जागतिक रॅलीची कंपन्यांची स्पर्धा जिंकली आणि जगभरच्या पोरांच्या डोक्यात स्कूप परत रुजला. पण २०१६ मध्ये नवी फॉर्च्युनर आली तेव्हा बॉनेट सपाट. इंटरकूलर हलला, नाक गेलं. लोकांच्या डोक्यात मात्र राहिलं.

आता दादाचा मूळ मुद्दा. "इंजिनले हवा नको का?" यावर मी हिशोब केला.

गाडी ताशी १०० किलोमीटरने जाते तेव्हा समोरच्या हवेचा दाब किती वाढतो? साधारण साडेचारशे पास्कल. वातावरणाचा दाब एक लाख पास्कलच्या वर. म्हणजे वाढ अर्ध्या टक्क्याहून कमी. १०० हॉर्सपॉवरच्या गाडीत, सगळं आदर्श असलं तर, अर्धा हॉर्सपॉवर. वेग दुप्पट केला तर दाब चौपट होतो, पण वडकी ते पांढरकवडा रस्त्यावर ताशी दोनशेने जायचं असेल तर आपले प्रश्न वेगळे आहेत.

थंड हवेचा मात्र खरा फायदा आहे. बॉनेटखालची हवा ७० डिग्री आणि बाहेरची ४५ धरली तर बाहेरची हवा जवळपास आठ टक्के जास्त घट्ट, म्हणजे तेवढा जास्त ऑक्सिजन. पण त्यासाठी स्कूपपासून एअर फिल्टरपर्यंत बंद नळी पाहिजे. आणि आजकालच्या बहुतेक गाड्यांचा एअर फिल्टर तसाही समोरून, रेडिएटरच्या बाजूने, बाहेरचीच हवा घेतो. म्हणजे फायदा आधीच पदरात पडलेला असतो.

आणि आता कळीचं. गाडी गरम होत असेल तर समोर तोंड असलेला स्कूप उलट त्रास वाढवू शकतो! रेडिएटरमधून हवा वाहते ती पुढचा दाब जास्त आणि मागचा, म्हणजे बॉनेटखालचा, कमी असतो म्हणून. तुम्ही वरून आणखी हवा आत कोंबलीत तर बॉनेटखालचा दाब वाढणार आणि रेडिएटरमधून येणारी हवा अडणार. कूलिंगसाठी पाहिजे ते भोक आत घेणारं नाही, बाहेर सोडणारं. मेरेडिथसाहेब आठवले का?

काही जण बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर घालून ते उचलतात, गरम हवा निघावी म्हणून. गाडी उभी असताना निघतेही. पण चालत्या गाडीत काचेच्या पायथ्याशी दाब जास्त असतो, त्यामुळे तिथून हवा आत येते. १९६७ च्या कॅमारो झेड-२८ मध्ये याच जागेवरून इंजिनला हवा द्यायची सोय मिळायची. एकाचं बाहेर जायचं दार ते दुसऱ्याचं आत यायचं.

हे सगळं मी दादाला फोनवर सांगितलं. तो शांतपणे ऐकून म्हणाला, "मंग गाडी गरम काऊन होते?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बग रिपोर्ट तोच, मी फक्त एक चुकीचा पॅच नाकारला होता. शेवटी पुढच्या शुक्रवारी रात्रीची बस धरली.

शनिवारी सकाळी आमच्या जुन्या मिस्त्रीकडे गेलो. त्यांनी स्कूपची चर्चा ऐकून घेतली, एक शब्द बोलले नाहीत. पुढची जाळी काढली, एसीचा कंडेन्सर सैल करून पुढे ओढला आणि टॉर्च मारला. कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत पांढरट-करड्या रंगाची एक गादी बसली होती. रुई. दादाची गाडी वर्षभर जिनिंगच्या आवारात उभी असते. तिथल्या हवेत कापसाचे तंतू उडत असतात, फॅन ते आत ओढतो, त्यावर धूळ बसते, पावसाळ्यात चिखल होतो आणि उन्हाळ्यात त्याचं नमदं होतं. गाडीचं नाक चोंदलं होतं, आणि आम्ही कपाळाला दुसरं पाडायला निघालो होतो.

मिस्त्रींनी मागच्या बाजूने, म्हणजे इंजिनकडून पुढे, हलक्या दाबाने पाणी मारलं. (पुढून मारलं तर कचरा आणखी आत जातो आणि जोरात मारलं तर पातळ पट्ट्या वाकतात. घरी करणार असाल तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच.) पाऊण तास लागला. दुपारी एसी लावून वडकीपर्यंत जाऊन आलो. काटा मधोमध, जागचा हलला नाही.

परत येताना दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा दर वर्षी हंगाम संपला का हे धुवायचे. पाइप घेऊन. मले वाटे गाडीचा लाड करून राह्यले."

यावर मी काय बोलणार? काकांनी कारण कधी सांगितलं नव्हतं, आणि आम्ही विचारलं नव्हतं. कोडमध्ये एक विचित्र ओळ असते, कमेंट नसते, लिहिणारा कंपनी सोडून गेलेला असतो. आपण ती काढतो आणि चार महिन्यांनी सिस्टिम तापते.

राहता राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने मूळ दिलेल्या तपशिलांपेक्षा आरसीवरचे तपशील वेगळे होतील असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही यावर शिक्कामोर्तब केलं. कायद्याच्या व्याख्येत 'बदल' म्हणजे गाडीच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतला बदल. बॉनेटवरचा स्कूप त्यात बसतो की नाही, यावर दोन वकील दोन तास भांडू शकतील. पण बेकायदा बदलाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आणि पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. दादाच्या एमएच-२९ वाल्या गाडीची पाळी २०२७ मध्ये पुन्हा येणार. तेव्हा तपासणी करणाऱ्या साहेबांसमोर कापलेलं बॉनेट घेऊन उभं राहायचं का, हा प्रश्न मी दादापुढे ठेवला.

दादाने शेवटी काय केलं? नागपूरच्या भंगारातून त्याच मॉडेलचं एक जुनं बॉनेट आणलं. प्रयोग करायचा तो त्याच्यावर. तोंड समोर नाही, मागे ठेवायचं, रेडिएटरच्या लगेच मागे, म्हणजे गरम हवा बाहेर पडेल. काकांचं मूळ बॉनेट जसंच्या तसं राहणार, चार बोल्ट काढले की परत बसवता येईल असं. (ओरिजिनलला हात न लावता ब्रँचवर काम करायचं, ही अक्कल त्याला मी दिलेली नाही. त्याची त्यालाच सुचली.) सध्या ते भंगारातलं बॉनेट घराच्या भिंतीला टेकून उभं आहे, खडूने एक चौकोन आखलेला. कापलेलं अजून नाही.

आणि अंगणातल्या नळाला नवा पाइप लागलाय.

असो. तुमच्याही घरी एखादा म्हातारा दर वर्षी काहीतरी विनाकारण धूत, घासत, तेल लावत असेल तर या रविवारी जाऊन कारण विचारून घ्या.